शिवाप्पाचं माप

“काका, पुढे या ना जरा. तिथून दिसणार नाही तुम्हाला.”

प्रणिताने हाक मारली तसे नंदकिशोर भिंतीजवळची खुर्ची सोडून पुढे सरकले. बाकी सगळी मंडळी मॅटवर मांडी घालून बसली होती. तरणीताठी मुलं-मुली, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेली, योगशिक्षक व्हायला आलेली. त्यांच्यात सदरा-पायजम्यातले नंदकिशोर वऱ्हाडात चुकून शिरलेल्या पोस्टमनसारखे दिसत.

सर्जापूर रोडवरच्या त्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना होता, मधल्या मजल्यावर मुलांच्या शिकवण्या चालत आणि सगळ्यात वर हा वर्ग. दर शनिवारी शरीररचनेचा तास असे. हाडं कशी जोडलेली असतात, सांधा कुठवर वळतो, कुठल्या आसनात भार कुठे जातो, हे सगळं प्रणिता शिकवत असे. कोपऱ्यात स्टँडला प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला होता. त्याच्या डोक्यावर कुणीतरी डिलिव्हरीवाल्याची टोपी घालून ठेवी आणि तासाच्या सुरुवातीला प्रणिता ती न बोलता काढून टाके.

आज मात्र तिने सांगाड्याला हात लावला नाही. पिशवीतून बेकरीची पुडी काढली आणि त्यातून एक खारी.

“हा मणका समजा,” ती म्हणाली. तास इंग्रजीत चाले, पण प्रणिता पुण्याची. मराठी कळणारं माणूस समोर असलं की मधूनच तिची गाडी मराठीवर येई. “काका, बघा हं. तरुणपणी मणका टोस्टसारखा असतो, कडक. वय झालं, बायकांची पाळी गेली, की काहीजणींचा आतून असा होतो. पदर-पदर, पोकळ. बाहेरून बघाल तर साइज तोच.”

तिने खारी टेबलावर ठेवली आणि पुढच्या कडेवर अंगठा दाबला. कर्र झालं. खारी पुढून चेपली, मागून तशीच उभी राहिली.

“पाचर झाली बघा. आता हिच्यावर दुसरा मणका ठेवला तर तो पुढे झुकणार. त्याच्यावरचा आणखी झुकणार. म्हणून माणूस पुढे वाकत जातो. आणि यासाठी पडावं लागतं असं नाही. बादली उचलली, वाकून काही घेतलं, बस्स. पेशंट म्हणतो उसण भरली. बाम चोळतो, शेकत बसतो.”

मागून एका मुलाने विचारलं, हे ओळखायचं कसं? प्रत्येकाचा एक्स-रे थोडाच मागता येतो?

“उंची,” प्रणिता म्हणाली. “उंची कमी होते. हळूहळू होते, त्यामुळे घरात कुणालाच कळत नाही. वरच्या फळीवर हात पोचेनासा होतो. साडी लोळायला लागते. वयस्कर बाई वर्गात आली की आधी विचारायचं, हल्ली कपडे लांब झाल्यासारखे वाटतात का?”

मुलगा हसला. आणखी दोघं-तिघं हसली. नंदकिशोर टेबलावर पडलेल्या खारीच्या चुऱ्याकडे बघत राहिले.

मधल्या सुट्टीत सगळे चहाला खाली गेले. ते गेले नाहीत.

“मॅडम, एक विचारू? पाय पसरून पुढे वाकायचं, कपाळ गुडघ्याला लावायचं. पश्चिमोत्तानासन. ते अशा बायकांनी केलं तर?”

“नको ना काका. पाठ गोल करून पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या बाजूवर येतो. बरोबर जिथे मी अंगठा दाबला तिथे. त्यात पाय धरून ओढायचं म्हणजे...” तिने मान हलवली. “त्यांना पाठीवर झोपवा, उभं करा, मागे ताणायला शिकवा हलकंसं. पुढे गोल नको.”

“एक बाई होती. साठी ओलांडलेली. रोज करायची. नंतर दोन मणके बसले तिचे.”

प्रणिताने खारीची पुडी गुंडाळता गुंडाळता त्यांच्याकडे पाहिलं. मग पुडी बाजूला ठेवली.

“आसनामुळेच बसले असं कुणी नाही सांगू शकणार काका. हाडं आधीच ठिसूळ असणार. कशानेही झालं असतं.”

“पण त्याने भर पडली असेल?”

तिने टेबलावरचा चुरा हाताने गोळा केला. मग म्हणाली, “असू शकतं.”

“बरं,” नंदकिशोर म्हणाले आणि खुर्ची भिंतीकडे नेऊन ठेवली.

बस के. आर. पुरमच्या अलीकडे नेहमीसारखी अडकली. नंदकिशोर खिडकीशी बसले होते. मेट्रोच्या खांबांखालून माणसं वाट काढत चालली होती आणि त्यांना प्रत्येकाची पाठ दिसत होती. या वर्गाने ही एक खोड लावली होती. रस्त्यात माणसाचं तोंड नंतर, आधी त्याचा खांदा, कंबर, गुडघा.

त्यांनी सगळा जन्म एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात काढला होता. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मापाला बरोबर आहेत की नाहीत, ते बघायचं. केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचा. योगाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांची बायको विद्या योग शिकवायची. गणपतीच्या देवळामागे मराठी मंडळाचं छोटं सभागृह होतं. तिथे ती रोज सकाळी आसपासच्या बायकांचा वर्ग घेई. फी नाही, गणवेश नाही. साडी नेसून या, सतरंजी घरून आणा. निपाणीच्या, बेळगावच्या, पुण्याच्या, सगळ्या बायका तिला विद्याअक्का म्हणत.

विद्या गेली आणि वर्ग बंद पडला. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गातल्या अंबूबाई सभागृहाची किल्ली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“नंदाण्णा, किल्ली तुमच्याकडं ठेवा. तुम्ही निस्तं कुलूप काढा. आमचं आम्ही करतो. समदं पाठ हाय.”

नंदकिशोर कुलूप काढू लागले. मग बायकांचा क्रम चुकला की कोपऱ्यातून सांगू लागले, कारण इतकी वर्षं तिची तयारी घरात ऐकून त्यांनाही सगळं पाठ झालं होतं. मग कधीतरी बायका त्यांच्याकडे तोंड करून बसू लागल्या. मंडळाच्या नव्या कमिटीने सांगितलं, शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र पाहिजे. म्हणून हा सर्जापूर रोडचा वर्ग. म्हातारपणी दप्तर.

बायकांना नवं काही नको होतं. विद्याने घालून दिलेला क्रम तोच. सुरुवातीचा ओंकार तोच. आणि शेवट तोच. पाय पसरून बसायचं, पुढे वाकायचं, कपाळ गुडघ्याकडे न्यायचं आणि डोळे मिटून थांबायचं. तेव्हा विद्या हळू आवाजात म्हणायची, “घरचं घरी राहू दे. तू तेवढी इकडे ये.” हे वाक्य आता अंबूबाई म्हणायच्या. ते म्हणताना दर सकाळी एखादी तरी बाई नाक ओढायची. त्या आसनात विद्या अजून होती, असं सगळ्यांनाच वाटत असे. नंदकिशोरांनाही.

बस हलली. परवाचंच त्यांना आठवलं. सतरंजी घालता घालता अंबूबाई साडी वर धरून कुरकुरत होत्या.

“ह्या शिवाप्पाला काय झालंय कुणाला ठावं. परकर शिवतोय का तंबू? जमिनीला लागतोय बघ. स्वल्प आखूड कर म्हटलं तर म्हणतो, अक्का, माप तेच हाय. तोंड वर करून म्हणतो!”

“चष्मा बदलायला सांगा त्याला,” कस्तुरी म्हणाली होती आणि सगळ्या हसल्या होत्या. नंदकिशोरही हसले होते.

विद्याचंही शिवाप्पाशी याच गोष्टीवरून वाजलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली आणि हातपाय न धुताच कपाट उघडलं. विद्याच्या साड्या बहिणींना, नणंदांना, वर्गातल्या बायकांना वाटून झाल्या होत्या. परकर कुणी नेत नाही. ते तसेच खालच्या कप्प्यात घडी घालून होते. त्यांनी ते पलंगावर पसरले. जुने होते त्यांची खालची कड सरळ होती. नंतरच्यांना खालून दुमड घालून हाताने धावदोरा घातलेला होता. आणि जे शेवटी वापरात होते त्यांना दोन दुमडी. एक पांढऱ्या दोऱ्याची, तिच्या वर दुसरी, निळ्या. पांढरं रीळ संपलं असणार.

नंदकिशोरांनी टेप आणली. दुमडी धरून मोजलं. जुना परकर आणि नवा परकर, कापड सारखंच भरलं. शिवाप्पाचं माप बरोबर होतं.

स्वयंपाकघरात कपबशांची फळी होती. ती खाली घे म्हणून विद्या मागे लागली होती. त्यांनी एका रविवारी ती उतरवली, भिंतीला नवी भोकं पाडली, पाणसळ लावून सरळ केली आणि जुनी भोकं पुट्टीने अशी बुजवली की दिसू नयेत. विद्याने कौतुक केलं. फळी खाली का हवी, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही माहीत नव्हतं.

मग एका सकाळी ती दारात रांगोळी घालायला वाकली आणि तिथेच बसली. उसण भरली म्हणाली. शेक झाला, बाम झाला. दुखणं जरा बसलं की ती वर्गाला जायची आणि शेवटचं आसन करायचीच, म्हणायची ताण बसला की बरं वाटतं. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन मणके बसलेत. मग अंथरूण धरलं. पडून पडून छातीत कफ झाला आणि त्यातच ती गेली. लोकांना नंदकिशोर न्यूमोनिया सांगत. ते खरंच होतं. मणक्यांचं कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी पुण्याहून शलाकाचा, मुलीचा, फोन आला. त्यांनी तिला सगळं सांगितलं. खारी, परकर, अंबूबाई.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, ते आसन बंद करा. लगेच करा. पण आईचं नका सांगू.”

“का गं?”

“का म्हणजे? त्या बायकांना आईचं काय उरलंय? तेवढंच ना. तुम्ही जाऊन सांगणार, की जे ती मन लावून करत होती त्यानेच... नको बाबा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणा. कोर्समध्ये सांगितलं म्हणा. आईला मध्ये आणू नका.”

“बरं,” ते म्हणाले. “तेच म्हणतो.”

“प्रॉमिस?”

“अगं हो.”

आणि ते मनापासूनच हो म्हणाले होते. कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

सोमवारी सकाळी देवळाच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत त्यांनी खारी घेतली. सभागृह उघडलं, खिडक्या उघडल्या, विद्याच्या फोटोला उल्काने आणलेला गजरा घातला. वर्ग नेहमीसारखा झाला. शेवटी सगळ्यांनी आपोआप पाय पसरले.

“थांबा,” नंदकिशोर म्हणाले. “आजपासून हे नाही करायचं.”

सगळ्या बायका पाय पसरून तशाच बसून राहिल्या.

“म्हणजे?” उल्का म्हणाली. ती बँकेतून निवृत्त झालेली. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे.

“कोर्समध्ये सांगितलं. आपल्या वयाला पाठ गोल करून पुढे वाकणं चांगलं नाही. हाडं ठिसूळ झालेली असतात.” त्यांनी पुडी सोडली. “हे बघा.”

“अय्यो, नाष्टा आणलासा व्हय?” अंबूबाई म्हणाल्या. “आधीच सांगायचं की, घरी उप्पीट खाऊन आले नसते.”

“खायला नाही. म्हणजे, नंतर खा. हा मणका समजा.”

प्रणिताने दाखवलं तसंच त्यांनी दाखवलं. अंगठा दाबला, कर्र झालं. पण त्यांचा अंगठा जाड पडला आणि खारी पुढून-मागून सगळीच चुरा झाली. कस्तुरीला हसू फुटलं.

“काका, हा तर गेलाच की बिचारा. दुसरा मणका काढा.”

“चहात बुडीवला असता तर वाकला असता बघा न मोडता,” अंबूबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. नंदकिशोरांनी दुसरी खारी घेतली, हळू दाबली. ती नीट पुढूनच बसली. पण आता कुणी नीट बघत नव्हतं.

“चला चला,” अंबूबाई हात चोळत म्हणाल्या. “एवढं करू आणि जाऊ. माझी कुकरची वेळ झाली.”

“अंबूबाई, ऐका. तुम्ही तर मुळीच करू नका.”

“मी का? मी काय म्हातारी झाले?” पुन्हा हसू. पण अंबूबाईंच्या आवाजात आता धार आली होती. “कोण ती मास्तरीण? वय काय तिचं?”

“असेल तिशीची.”

“मग? तिशीची पोरगी आमाला हाडं शिकवणार. नंदाण्णा, राग मानू नका. आम्ही हे विद्याअक्कांकडनं शिकलो. दुसरं कायबी बदला, हे बदलू नका. हे करतो तेवा त्या हितं हाईत असं वाटतं मला.” त्यांनी फोटोकडे बोट केलं. “आणि त्या शेवटपत्तोर करत हुत्या. पाठ दुखत हुती तरी करत हुत्या. त्यांना झालं का कायबी?”

हे बोलून त्या वाकल्या. दोन्ही हात पुढे, पाठ गोल. साडीच्या काठाखालून परकराची कड दिसली. तिला दुमड होती. घाईघाईने घातलेला, मोठाल्या टाक्यांचा धावदोरा.

शलाकाला दिलेला शब्द नंदकिशोरांना आठवला. फोटोतली विद्या समोर होती. अंबूबाईंचं कपाळ गुडघ्याकडे चाललं होतं.

“झालं होतं,” ते म्हणाले.

अंबूबाई थांबल्या.

“तिला झालं होतं. तिचे दोन मणके बसले होते. असेच, पुढून. एक्स-रेत दिसले. त्यामुळे ती झोपून होती. न्यूमोनिया मागून झाला.”

पंखा फिरत होता. देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” उल्का म्हणाली.

“नाही बोललो. मणके बसले एवढं माहीत होतं. वाकण्याचा संबंध मलाच परवा कळला.”

“म्हणजे अक्का आम्हाला चुकीचं शिकवत होत्या?” कस्तुरीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. राग नक्की कुणावर ते तिलाही कळत नसावं.

“तिला जसं शिकवलं होतं तसं तिने शिकवलं. याच आसनाने झालं असंही नाही. मॅडम म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. हाडं आधीच ठिसूळ होती. तिच्या हाडांना हे सोसणारं नव्हतं, एवढंच. आणि आम्हाला दोघांनाही कळलं नाही. तिला कळलं असतं ना, तर तिने दुसऱ्या दिवशी हे आसन बंद केलं असतं. आणि तुमच्यापैकी कुणी चोरून केलं असतं तर तिची बोलणी खाल्ली असती.”

कुणीच हसलं नाही. कस्तुरी उठली, सतरंजी गुंडाळायला लागली. अर्धी गुंडाळून तशीच बसली.

अंबूबाई अजून वाकलेल्याच होत्या. मग त्यांनी हात मागे घेतले, जमिनीला टेकवले आणि हळूहळू सरळ झाल्या. बसलेल्या जागी त्या फार लहान दिसत होत्या.

“मग शेवट काय करायचा?” त्यांनी विचारलं.

“पाठीवर झोपा. गुडघे दुमडा, पाय जमिनीला. बस्स.”

“आणि अक्कांचं म्हणणं?”

“ते तेच.”

बायका झोपल्या. एकेकीने गुडघे दुमडले, पदर सावरले. नंदकिशोर वाट बघत राहिले. पण अंबूबाई काही बोलेनात. त्या छताकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. शेवटी नंदकिशोरच म्हणाले.

“घरचं घरी राहू दे. तू तेवढी इकडे ये.”

इतकी वर्षं घरात ऐकलेलं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच स्वतः उच्चारलं होतं. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण ते फोटोकडे बघून बोललो. त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

थोड्या वेळाने बायका उठल्या. जाताना रोज होणारा गलका आज नव्हता. उल्का म्हणाली, “हाडांची तपासणी कुठे करतात, ते विचारून ठेवा काका. सगळ्याजणी जाऊन येऊ.” कस्तुरी काही न बोलता गेली. दारापर्यंत जाऊन परत आली, टेबलावरची पुडी उचलली आणि म्हणाली, “हे इथे ठेवलंत तर मुंग्या लागतील.” पुडी घेऊन गेली. उद्या येईल, असं नंदकिशोरांना वाटलं.

अंबूबाई मागे राहिल्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी साडी घोट्यापासून जरा वर उचलली आणि खाली बघितलं.

“नंदाण्णा.”

“हं?”

“विद्याअक्काबी शिवाप्पाशी भांडल्या हुत्या. परकरावरनं. मीच हुते बरोबर.”

“हो.”

“त्यांच्या परकराला किती दुमडी हुत्या?”

नंदकिशोरांनी क्षणभर हातातल्या कुलपाकडे पाहिलं.

“दोन.”

अंबूबाईंनी साडी सोडली. निऱ्या झटकून नीट केल्या.

“माझ्या एकच हाय अजून,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “त्या शिवाप्पाला उगंच शिव्या घातल्या. गरीब माणूस.”

“उल्का म्हणते तसं तपासून या. औषधं असतात. थांबवता येतं.”

“सरी, बरं हाय. येते.”

त्या दाराशी गेल्या. चपला उंबऱ्याच्या बाहेर होत्या आणि चपलांशेजारी त्यांची भाजीची पिशवी ठेवलेली होती. अंबूबाई रोजच्या सवयीने कमरेतून वाकायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. परत सरळ झाल्या. एक हात दाराच्या चौकटीला धरला, पाठ होईल तेवढी ताठ केली आणि गुडघ्यांतून हळूहळू खाली बसल्या. गुडघे वाजले. पिशवी उचलली. वर यायला वेळ लागला.

नंदकिशोर एक पाऊल पुढे झाले होते. मग तिथेच थांबले. त्या पूर्ण उभ्या राहीपर्यंत कुलूप हातात धरून उभे राहिले.